सतरा नंबरचा प्रोग्राम

३ नोव्हेंबर, सोमवार

पुण्याहून लिस्ट आली. चारशे बारा प्रोग्राम. गेल्या पंधरा वर्षांत लातूर प्लँटसाठी ज्याने त्याने लिहिलेले, सगळे एका एक्सेलमध्ये. कॉलम पाच: नाव, प्रकार, शेवटचा वापर, ठेवा/काढा, सही. सहीच्या कॉलमात वरपासून खालपर्यंत माझं नाव आधीच भरून आलंय. तेवढं मात्र त्यांना जमलं.

मग तन्मयचा फोन. हेड ऑफिसमध्ये नव्या सिस्टीमचं सगळं त्याच्याकडे. "ताई, जुनं सामान नव्या घरात न्यायचं नाही. जेवढं काढाल तेवढं चांगलं." २१ पर्यंत लिस्ट द्यायची. ३० ला जुनी सिस्टीम बंद, नवी सुरू.

माझं काय, ते विचारलं. नव्या सिस्टीमनंतर लातूरला आयटीचा माणूस लागेल की नाही ते "डिसेंबरात बघू". वय ४९, डावा गुडघा कामातून गेलेला. पुण्याला जाऊन राहायची ताकद नाही, हौस तर त्याहून नाही.

सोयाबीनचा सीझन. गेटपासून हायवेपर्यंत ट्रक लागलेत, कँटीनच्या चहालासुद्धा तेलाचा वास येतोय.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रकाराचा कॉलम. एक, एक, एम, आय, एक, एफ... डोळे गेले.

हे प्रकार मला सय्यद सरांनी शिकवले. नऊ वर्षांपूर्वी लागले तेव्हा अबॅपचं, म्हणजे सिस्टीमच्या भाषेचं, पुस्तक काही डोक्यात शिरेना. सर मला कँटीनमध्ये घेऊन बसले आणि माणसं दाखवायला लागले. प्रकार १ म्हणजे एक्झिक्युटेबल. सांगितलं की सुरू, काम करून कागद हातात देतो आणि घरी जातो. गेटवरचा वॉचमन. एम म्हणजे मॉड्यूल पूल, ह्याला खिडकी लागते, खिडकी उघडल्याशिवाय बोलत नाही. टाइम ऑफिसचे नामदेवराव. एफ म्हणजे एका पिशवीतली हत्यारं, ज्याला जे लागेल ते त्याने काढून घ्यावं. आय, इन्क्लूड, एकटा चालतच नाही, दुसऱ्याच्या पोटात बसून काम करतो. हा कोण, ते सरांनी सांगितलं नाही, फक्त साहेबांच्या केबिनकडे बघून हसले.

"आन् एस. सबरूटीन पूल. हा आपणहून कधी उठत न्हाई बेटा. कुणी नाव घेऊन हाक मारली तर येतो, काम करतो, परत झोपतो."

मी विचारलं होतं, मग तो आहे हे कळायचं कसं?

"हाक मारणाऱ्याला विचारायचं."

सर रिटायर होऊन चार वर्षं झाली. नांदेडला असतात. दिवाळीलाही फोन केला नाही मी, ह्या लिस्टच्या नादात.

१० नोव्हेंबर, सोमवार

एकशे ऐंशी झाले. कोडमधल्या कॉमेंट वाचत बसले तर कामच होत नाही. एका ठिकाणी: "ही ओळ का आहे माहीत नाही. काढली तर वजनकाटा बंद पडतो." बघितलं तर मीच लिहिलेलं. तो प्रोग्राम सगळ्यात आधी काढला.

एक एम प्रकारचा निघाला. अख्ख्या स्क्रीनवर एकच खाना, त्यात तारीख. वर लेबल नाही, खाली बटण एक. वापर शून्य. काढा.

दुपारी शिवकांता आली होती. पॅकिंगला कंत्राटी आहे, चाकूरजवळच्या गावातून कंपनीच्या बसने येते. डबे उचलून उचलून हिच्या अंगठ्याची रेषच राहिली नाही, त्यामुळे हजेरीचं मशीन ओळखत नाही आणि मग ती माझ्याकडे. दर दोन महिन्यांनी दुसरं बोट नोंदवून देते. आज डाव्या हाताचं मधलं.

"मॅडम, बोटं संपायच्या आत परमनंट झाले म्हंजे झालं."

मार्चपासून तिचा एक खाडा नाही. ३१ डिसेंबरपर्यंत असाच रेकॉर्ड राहिला तर जानेवारीच्या यादीत नाव. पोराला ताप असताना त्याला सासूजवळ टाकून आली, ते तिनेच सांगितलं होतं. तोंडातला शब्द पुरा व्हायच्या आत भोंगा झाला, पळाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

एका प्रोग्रामवर अडकले. झेड-एस-एलटीआर-१७. प्रकार एस. सय्यद सरांचा. शेवटचा वापर: कोरा. वापराचा लॉग पुण्याने १५ जानेवारीपासून चालू ठेवला होता, तेव्हापासून हा एकदाही उठलेला नाही. ह्याला हाक कोण मारतं ते सिस्टीमला विचारलं. कोणी नाही.

कोड जेमतेम चाळीस ओळींचा. एक दिवस उचलायचा, पुढच्या रविवारी ठेवायचा. कोणता दिवस, का, काही नाही. वर इंग्रजी अक्षरांत मराठी कॉमेंट: "हात लावायच्या आधी मला फोन करा. सय्यद."

केला. दोनदा. उचलला नाही. मग त्यांच्या घरून भाभींचा उलटा फोन आला की सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आठ दिवस बोलायचं नाही, वाकायचं नाही, टीव्ही नाही. म्हटलं असू द्या, घाई नाही.

१७ समोरचा खाना कोरा ठेवला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तन्मयने आज चार फोन केले. "ताई, चारशे अकरा झाले, एक राहिलाय. वापर शून्य, हाक मारणारं कोणी नाही. बघायचं काय त्यात?"

खरं म्हणजे काहीच नव्हतं बघायचं. पाच वाजले होते, गुडघा ठणकत होता, बस सुटायला दहा मिनिटं. सरांना परत फोन करायचं मनात आलं, आणि भाभींशी अर्धा तास बोलायचा कंटाळा आला. हे असंच झालं, उगाच वेगळं लिहिण्यात अर्थ नाही. "काढा" लिहिलं, लिस्ट पाठवली, बस पकडली.

३० नोव्हेंबर, रविवार

नवी सिस्टीम चालू. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत खुर्चीत. काहीही पडलं नाही. प्लँट मॅनेजरनी पेढे वाटले. तन्मय फोनवर सगळ्यांसमोर म्हणाला की सफाईत लातूर पहिलं, सगळ्यात जास्त प्रोग्राम लातूरने काढले.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर ह्यांनाही सांगितलं. हे म्हणाले, काढण्यात पहिला नंबर, वा.

४ डिसेंबर, गुरुवार

अकराच्या सुमारास नामदेवराव टाइम ऑफिस सोडून माझ्या टेबलाशी आले. हे कधी होत नाही. हातात चिठ्ठी.

"मॅडम, सय्यद सरांचा फोन आला व्हता. यंदा एकोणीस तारीख. भरायची कुठं?"

कसली तारीख?

"येळवसची. दरसाल सर फोन करून सांगतेत, मी त्या खान्यात भरतो. तो एक खाना व्हता न्हाई का, तारखेचा. आता दिसंना कुठं."

मी काढलेली ती एका खान्याची स्क्रीन आठवली. मी म्हटलं, बघते. ते चिठ्ठी ठेवून गेले.

वेळ अमावस्या. अख्खा लातूर जिल्हा त्या दिवशी रानात असतो, गावात कुत्रं सापडत नाही. नऊ वर्षं प्लँटलाही सुट्टी बघतेय. पाळ्यांच्या रोस्टरवर आपोआप यायची, बदल्यात पुढचा रविवार भरायचा. मला वाटायचं ती पुण्याच्या कॅलेंडरातून येते.

५ डिसेंबर, शुक्रवार

बघितलं. जुन्या सिस्टीमचं बॅकअप उघडून ओळ न् ओळ.

नामदेवराव तारीख भरायचे, ती सिस्टीममधल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, जायची. त्याच टेबलात, तारखेच्या शेजारी, प्रोग्रामचं नाव लिहिलेलं: १७. रोजचं रोस्टर ते टेबल वाचायचं, तारीख जुळली की शेजारच्या नावाला हाक. म्हणजे हाक मारणाऱ्याच्या कोडमध्ये ह्याचं नाव कुठेच नाही. सिस्टीमला विचारलं तर ती "कोणी नाही" असंच सांगणार. आणि गेल्या वर्षीची येळवस होती ३० डिसेंबरला, लॉग सुरू झाला १५ जानेवारीला. वर्षातून एकदा उठणारा प्रोग्राम, आणि आम्ही तो झोपलेला असतानाच मोजला.

खिडकीही काढली, प्रोग्रामही काढला. दोन्ही मीच.

नव्या रोस्टरवर १९ डिसेंबर, शुक्रवार: दोन्ही पाळ्या पूर्ण. पुण्याच्या कॅलेंडरात ती सुट्टी नाही, कधी नव्हतीच.

तन्मयला आडून विचारलं, एखादी स्थानिक सुट्टी घालायची तर? कॅलेंडर वर्षाअखेरपर्यंत बंद. उघडायचं तर वरची मंजुरी, आणि मंजुरीसाठी लिहून द्यायचं: काय राहिलं, का राहिलं, कोणामुळे. "कसली सुट्टी पण?" अमावस्येची म्हटलं तर हसला. तो वाईट नाही, त्याला माहीत नाही.

मग नियम वाचले. परमनंट माणूस त्या दिवशी आला नाही तर एक रजा जाईल, बस. कंत्राटींना रजाच नाही. त्यांचा विनापरवानगी खाडा पडला की नवी सिस्टीम सलग दिवस शून्यापासून मोजायला लागते. आपोआप.

शिवकांता.

७ डिसेंबर, रविवार

नांदेडला जाऊन आले. चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळ्या स्टँडवर बस थांबली, प्रत्येक ठिकाणी गुडघा आखडला. सर गल्लीच्या तोंडाशी काळा चष्मा लावून उभे. भाभींनी आधी जेवायला बसवलं, मगच बोलू दिलं.

सांगितलं सगळं. लिस्ट, कोरा खाना, भाभींशी बोलायचा कंटाळा, तेही सांगितलं. भाभी आत होत्या, ऐकलं असणार.

मग सरांनी पहिल्या वर्षाची गोष्ट काढली. सिस्टीम नवी, रोस्टरवर पूर्ण पाळी, आणि येळवसला प्लँटवर आले तीन जण: दोन वॉचमन आणि सर. बाकी सगळ्यांचा खाडा. दुपारी बॉयलरवरचा एक माणूस सायकलवर सात किलोमीटर आला, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातल्या आंबिलीची किटली घेऊन.

"म्हणाला, सायब, आज कुणाला उपाशी ठिवायचं नसतंय. मी म्हटलं, तुझा खाडा पडला. तर म्हणाला, पडू द्या, आधी खावा. त्याचं खाल्लं विजया, आन् दुसऱ्या दिवशी प्रोग्राम लिहिला."

मग उघड का नाही लिहिला? कॅलेंडरात का नाही घातली?

"तवाच्या सायबांकडे गेलतो की. म्हणाले, अमावस्येची सुट्टी देणारी कंपनी दाखव मला. म्हणून मग टेबलात नाव लपवलं. रविवारी भरून निघतंय, माल तेवढाच निघतोय, कोण बघतंय?"

म्हणजे ही सुट्टी कोणी दिलेलीच नव्हती. पंधरा वर्षं एक मोठा प्लँट सरांच्या चाळीस ओळींवर दर येळवसला बंद राहिला.

मला राग आला. म्हटलं, सर, मला सांगायचं होतं. रिटायर होताना सगळं सांगितलंत, चहावाल्याचं खातंसुद्धा दाखवलंत, आणि हे नाही?

"सांगितलं असतं तर तुला पण लपवावं लागलं असतं." मग म्हणाले, "चूक माझीच. हाक लपवली की प्रोग्राम अनाथ होतो. तू लिही त्यांना. माझं नाव घाल. मला आता कुठून काढणार हायत?"

निघताना भाभींनी डबा दिला. पायरी उतरताना हात धरला माझा, गुडघ्यासाठी.

१० डिसेंबर, बुधवार

तन्मय: "ताई, आनंदाची बातमी. लातूरची जागा राहतेय. तुमचं नाव मीच पुढे केलंय, सफाईचं काम दाखवून. २२ ला फायनल."

थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता लिहून दिलं तर कारणाच्या खान्यात माझंच नाव. ज्या कामावर जागा मिळतेय तेच काम चुकलं, असं मीच कळवायचं. नाही लिहिलं तर कोणालाच काही कळणार नाही. सुट्टी सिस्टीममध्ये नव्हती, विषय संपला.

रोस्टर हाताने बदलता येतं का पाहिलं. कुलूप पुण्याला. सरांसारखं चोरून काही लिहावं तर आता प्रत्येक ओळ पुण्यात तपासून मगच आत जाते. चोरीचा रस्ताही राहिला नाही.

१४ डिसेंबर, रविवार

मेल लिहिला, खोडला, लिहिला. शेवटी ह्यांना वाचायला दिला. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"तुला विचारलंय का कोणी?"

नाही.

"मग?"

ह्यांचं चूक नाही. माझ्या पगारावर घर आहे, ह्यांच्या शिकवण्यांवर भाजी. पण ते "मग?" डोक्यात गेलं. भांडी आपटून झाली, पिठाचा डबा घासून झाला, जो घासायचा नव्हता. मेल ड्राफ्टमध्येच.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज बोर्डावर नोटीस लागली. १९ तारखेस काम नेहमीप्रमाणे. जेवणाच्या सुट्टीत बोर्डापुढे ही गर्दी.

"असं कसं? येळवस हाय की!"

"सिस्टीममधी न्हाई म्हणं."

"मंग सिस्टीमला सांगा की कुणीतरी."

सगळे माझ्याकडे वळले. मी सिस्टीमवाली. एकालाही शंका नाही. उलट एक म्हातारे फिटर म्हणाले, मॅडमच्या हातात काय हाय, पुण्यावालं हाय सगळं. मी मान हलवली. मान हलवली मी. आत्ता लिहिताना लाज वाटतेय.

शिवकांता गर्दीत नव्हती. तासाभराने मशीनपाशी दिसली, मधलं बोट पुसत.

जाणार का रानात, विचारलं.

"न्हाई जमायचं. दहावा म्हैना चालूय." मग, "लग्न झाल्यापासनं पैल्यांदा हुईल. रानात दगडाचे पाच पांडव मांडायचे, आंबील शिंपायची, ते घरच्या बाईचं असतंय. सासूला आता चालवंना. मालक म्हणले, मी करतो. त्यांना काय येतंय?" हसली. "तुमाला बोलावणार व्हते मी यंदा. लई मनात व्हतं."

बोट लागलं, हिरवा दिवा लागला, ती गेली.

१७ डिसेंबर, बुधवार

सकाळी ११.४० ला पाठवला. तन्मय, त्याचे वरचे, प्लँट मॅनेजर, तिघांना.

जुना मेल सगळा खोडला. त्यात "अनवधानाने" होतं, "अपुऱ्या माहितीमुळे" होतं. नवा असा: प्रोग्राम १७ मी काढला. तो कशासाठी आहे हे लिहिणाऱ्याला विचारायचं होतं, मी विचारलं नाही. ह्या प्लँटला पंधरा वर्षं वेळ अमावस्येला सुट्टी आहे, रविवारी काम करून ती भरली जाते. १९ ची सुट्टी घालावी, नाहीतर निदान त्या दिवशी कंत्राटींचा खाडा धरू नये. आणि ह्यापुढे ही सुट्टी कॅलेंडरात उघड असावी.

सरांचं नाव घातलं नाही. ते चिडतील.

तन्मयचा फोन १२ ला. "ताई, हे मला आधी सांगायचं ना. आता वर गेलं." नंतर हळू आवाजात, "२२ चं आता मी काही सांगू शकत नाही." म्हटलं, माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत उत्तर नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

उत्तर नाही. मॅनेजरना भेटले. ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर आत्ता दिली असती, माझंही रान आहे. आणि त्यांनी उद्याची स्वतःची रजा टाकली. हातात काय नाही ते कळलं.

पाळी सुटताना चाकूरच्या बसपाशी जाऊन उभी राहिले. शिवकांता आली तेव्हा सांगून टाकलं. पुण्याने नाही, मी. सुट्टीचा प्रोग्राम मी काढला, नीट न बघता. कळवलंय, उत्तर आलं नाही.

तिला नीट समजावं म्हणून दोनदा सांगितलं. पहिल्यांदाच समजलं होतं तिला.

"तुम्ही?"

हो.

"मंग मी उद्या जाऊ का येऊ?"

जा म्हणावं आणि खाडा पडला तर? ये म्हणावं तर कोणत्या तोंडाने? म्हटलं, मला माहीत नाही शिवकांता.

"पोराला तापात टाकून आले मी मॅडम." एवढंच बोलली. बसमध्ये चढली, खिडकी मिळाली होती तरी आतल्या बाजूला तोंड करून बसली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, मेल पाठवला. ह्यांनी चहा टाकला, दोन कप.

१९ डिसेंबर, शुक्रवार

प्लँटवर आहे. दुपारचे पावणेतीन.

सकाळी रस्त्यावर सगळं उलट दिशेने चाललेलं. ट्रॅक्टर, मोटारसायकली, डोक्यावर टोपल्या, सगळे शहरातून रानाकडे. गेटवर एक ट्रक नाही. परमनंटमधलं मी आणि सुपरवायझर सोडून कोणी आलं नाही. पॅकिंगच्या कंत्राटींपैकी नऊ जणी आल्या, चौदा गेल्या. नवांवर लाइन चालत नाही. सुपरवायझरने त्यांना झाडायला लावलं.

नवांत शिवकांता होती. सकाळी मशीनने तिचं बोट घेतलं नाही. मला बोलवायला ती आली नाही, दुसरीला पाठवलं. मी गेले. डाव्या हाताची करंगळी नोंदवली.

गेलेल्या चौदा जणींच्या नावापुढे स्क्रीनवर लाल. मी तो स्क्रीन बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला.

एक वाजता ती टेबलाशी आली. हातात चार खणांचा डबा. पहाटे तीनला उठून सगळं केलं, मालकाच्या हातात टोपली दिली आणि बस धरली, म्हणाली. भज्जी, उंडे, तिळाची पोळी. बाटलीत आंबील.

मी म्हटलं, शिवकांता, मला नको. माझ्या घशाखाली नाही जायचं.

"तुमच्या घशाचं तुम्ही बघा. आज समोरच्याला उपाशी ठिवत न्हाईत आमच्यात." खण उघडून माझ्यापुढे सरकवला. "राग गेलेला न्हाई माजा. खावा."

खाल्लं. ती समोर बसून खात होती, खाली बघून. भज्जीत हरभऱ्याची कोवळी पानं होती. मला रडू आलं, ते तिने पाहिलं आणि आंबिलीची बाटली पुढे केली. डबा धुऊन घेऊन गेली.

मग सरांचा फोन. आठवणीने.

"जेवलीस का कुणाचं?"

जेवले सर.

"मग लिही आता."

दोन वाजता पुण्याहून मेल आलाय, एक ओळ: चार वाजता कॉलवर या. कोण कोण असणार, काही नाही. लाल पुसणार की मला पुसणार, तेही नाही.

नव्या सिस्टीमचा नव्या मागणीचा फॉर्म उघडलाय. प्रकाराच्या खान्यात ह्या वेळी एस नाही, कॅलेंडर. काम: वेळ अमावस्या, लातूर प्लँट, दरवर्षी. त्याखाली मागे जाऊन लावायच्या तारखेचा खाना आहे, त्यात आजची. चौदा नावं जोडली, एकेक, स्पेलिंग तपासून. हाक मारणाऱ्याचं नाव असा खाना फॉर्ममध्ये नाही. "मागणी करणार" आहे, तिथे माझं पूर्ण नाव घातलं. "मंजुरी" कोरी.

पाठवलाय. चारला अजून तासभर आहे. हाताला तिळाचा वास येतोय, धुतला नाही.